कडू झाला म्हणजे नासला?

सकाळी काढलेला मोसंबीचा रस दुपारी तोंडाला लावावा तर कडूजहर. 'नासला वाटतं' म्हणून तो मोरीत ओतला जातो. रस बिचारा बहुधा चांगला असतो. मोसंबी आणि संत्र्याच्या गरात, फोडींच्या पापुद्र्यात आणि बियांत एक घटक असतो, ज्याला स्वतःला कडू चव नसते. रस काढताना पेशी फुटतात, त्या घटकाची रसातल्या आम्लाशी गाठ पडते आणि त्याचं हळूहळू लिमोनिन होतं. दहा लाख भागांत जेमतेम सहा भाग लिमोनिन झालं, तरी जिभेला कळतं. पोटाला त्याचा त्रास नाही. पण हे व्हायला थोडे तास लागतात, म्हणून पहिला पेला गोड आणि झाकून ठेवलेला कडू.

इथे 'रस उकळून ठेवा' असा सल्ला हमखास मिळतो. उष्णतेनं लिमोनिन उलट भराभर तयार होतं! साखर घातली की कडूपणा फक्त झाकला जातो. बियांसकट फोडी मिक्सरमध्ये फिरवणं हे त्याहून वाईट. बिया आधी काढाव्यात, सालीखालचा पांढरा भाग रसात येऊ देऊ नये, हलक्या हातानं पिळून रस लगेच गाळावा. एवढं केलं तरी कडूपणा फार तर लांबतो, टळत नाही.

खरा धोका चवीला कळतच नाही. 'आंबट रसात जंतू टिकत नाहीत' हे कागदी लिंबाबाबत बरंचसं खरं आहे. त्याचा सामू दोन-अडीचच्या आसपास असतो. संत्र्याचा साडेतीन-चार, आणि आपली मोसंबी तर त्याहून सौम्य. 1999 मध्ये अमेरिका आणि कॅनडात पाश्चरीकरण न केलेल्या संत्र्याच्या रसातून साल्मोनेलाची लागण पसरली, दोनशेहून अधिक जण आजारी पडल्याची खात्री झाली. हे जंतू रसाची चव बदलत नाहीत. सालीवरची घाण सुरीबरोबर आत जाते, म्हणून सोलायचं फळसुद्धा आधी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवायचं. रस ओट्यावर दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही. फ्रिजमधला दुसऱ्या दिवशी संपवायचा.

'पंधरा मिनिटांत क जीवनसत्त्व उडून जातं' ही भीती मात्र सोडून द्यावी. आम्लात ते बऱ्यापैकी तग धरतं. झाकून गार ठेवलेल्या रसातून एका दिवसात फारसं कमी होत नाही. त्याचे वैरी म्हणजे हवा, उष्णता आणि तांबं. म्हणून काचेची बाटली काठोकाठ भरावी, आणि बिनकल्हईच्या पितळी गडूला यात जागा नाही. आंबट रसात तांबं उतरतं, ते वेगळंच.

गोठवल्यानं जंतू मरतात, हाही समजच. ते नुसते थांबतात, रस वितळला की पुन्हा कामाला लागतात. तरी लिंबाचा रस गोठवणं मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. थंडीत लिंबं स्वस्त असताना रस बर्फाच्या ट्रेमध्ये ओतावा, वड्या घट्ट झाल्या की पिशवीत भराव्यात; तीनेक महिने चव चांगली राहते. बाटलीतच गोठवायचा असेल तर वर बोटभर जागा सोडावी, नाहीतर काच तडकते. मोसंबीचा रस गोठवण्याच्या भानगडीत पडू नये, वितळताना तो कडू होतोच. पाहुणे यायचे असतील तर फळं धुऊन, पुसून फ्रिजमध्ये ठेवावीत आणि रस ते आल्यावर काढावा.