एका नोंदीची चूक

इतवारीतल्या पेढीवर जुन्या मुनिमाला विचारले, तर तो सांगेल : वहीतली एक नोंद चुकली की सारा ताळेबंद बिघडतो. विदर्भातील अनेक कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला सिकलसेल आजार अशाच एका चुकीचे फळ आहे. मध्य भारतातील त्याच्या वाहकांविषयी शुक्ला व सोळंकी यांचा निबंध १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला.

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. सहाव्या स्थानी ऋणभारित ग्लुटामिक आम्ल हवे; सिकलसेलमध्ये तेथे भाररहित व्हॅलिन येते. प्राणवायू सोडताच असे रेणू परस्परांना चिकटतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. १९४९ साली लायनस पाउलिंग व सहकाऱ्यांनी दाखवले की, विद्युतक्षेत्रात निरोगी व सिकल हिमोग्लोबिन निरनिराळ्या गतीने सरकतात. त्यातून एकूण भारातला फरक कळला. रेणूच्या कोणत्या कोपऱ्यात कोणता भार प्रभाव गाजवतो, हे कळले नाही.

ते काम चुंबकीय अनुस्पंदनाने, म्हणजे एनएमआरने साधते. रुग्णालयातील एमआरआय याच तत्त्वावर चालते. प्रबळ चुंबकात हायड्रोजनची अणुकेंद्रके आपापल्या परिसरानुसार वेगळ्या कंप्रतेला प्रतिसाद देतात. हिस्टिडिन या अमिनो आम्लाने प्रोटॉन सोडला की त्याची खूण सरकते. शेजारी ऋणभार असेल, तर प्रोटॉन अधिक घट्ट धरला जातो. धनभार असेल, तर लवकर सुटतो. म्हणून द्रावणाची आम्लता बदलत खुणा टिपल्या की त्या त्या जागेचा विद्युत-परिसर उलगडतो. अमेरिकेत चिएन हो यांच्या गटाने याच रीतीने निरोगी व सिकल हिमोग्लोबिनमधील हिस्टिडिनांची तुलना केली.

एक पद्धत एकूण जमाखर्च सांगते, दुसरी प्रत्येक नोंद वाचते. वस्तू अनेकांगी असते, हे अनेकान्ताचे सूत्र येथे प्रयोगशाळेत भेटते.

या ज्ञानाचा व्यवहारात उपयोग काय? पती-पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. विवाहापूर्वीची साधी रक्ततपासणी हे आधीच सांगते. आपल्या दुकानातील एखादा कामगार सांधेदुखीने वारंवार रजा घेत असेल, तर त्याला कामचुकार ठरवण्याआधी तपासणीस पाठवावे. त्याची वेदना खरी असू शकते. ती समजून घेणे हीदेखील जीवदयाच होय.