दोरीवरचं धान कोणाचं?

विद्यापीठातल्या संख्याशास्त्राच्या सेमिनारमध्ये नेमकं चालतं काय, असं बरेच जण विचारतात. वक्ता फळ्यावर सूत्रं मांडतो, हे खरं. पण रंग चढतो तो कुणी "अहो, पण हे मोजलंत कसं?" असं विचारल्यावर. 1934 साली लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीत नेमन यांनी नमुना पाहणीवर निबंध वाचला, त्यावर सभेतच चर्चा झाली. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग सुखात्मे तेव्हा लंडनला शिकत होते. नेमन यांचेच विद्यार्थी. पुढे 1940 च्या दशकात त्यांनी हाच प्रश्न शेतात नेला.

आपल्या भंडाऱ्याची धानाची बांधी घ्या. उत्पादन काढायला सगळी बांधी कापत नाहीत. चिठ्ठी टाकावी तशी जागा निवडायची, दोरीने चौकोन आखायचा, तेवढंच कापून, मळून वजन करायचं. हा पीक कापणी प्रयोग. आता दोरीवर आलेला बुंधा आतला की बाहेरचा? कापणाऱ्याचा हात तो आत ओढतो. लबाडी नसते हो त्यात, सवय असते.

समजा चारही बाजूंनी पाच-पाच सेंटिमीटर जास्त कापलं गेलं. चौकोन एक मीटरचा असेल, तर 1.1 गुणिले 1.1, म्हणजे उत्पादन 21 टक्के फुगलं. दहा बाय पाच मीटरचा असेल, तर जेमतेम 3 टक्के. लहान तुकड्याला क्षेत्रफळाच्या मानाने कड जास्त, एवढंच कारण. आणि गंमत अशी, की असे हजार तुकडे कापून सरासरी काढली तरी हे 21 टक्के जात नाहीत. सरासरीने इकडच्या-तिकडच्या चुका एकमेकींना खातात. एकाच बाजूला झुकलेली चूक तशीच राहते. लहान तुकडे वापरणाऱ्या महालनोबिस यांच्याशी सुखात्म्यांचा वाद झाला तो यावरच. लहान तुकडा झटपट होतो, स्वस्त पडतो, हेही खोटं नव्हतं.

आज पीकविम्याची भरपाई या प्रयोगांवर ठरते. उंबरठा उत्पादन हेक्टरी 20 क्विंटल धरा, खरं निघालं 15. तूट 25 टक्के. तेच 21 टक्के फुगवून मोजलं तर 18.15, आणि तूट उरते सव्वानऊ टक्के. भरपाई त्याच प्रमाणात. ती एका शेतकऱ्याची नव्हे, त्या विमा क्षेत्रातल्या त्या पिकाच्या सगळ्या विमाधारकांची. म्हणून दोरी ताणताना आपल्यातलं कुणी तिथे असेल, तर बुंध्याकडे बघा. अर्ध्याहून जास्त आत असेल तरच कापायचा.