दिवा, चेहरा आणि सांवली

फोटोग्राफी हें नांव ज्या ग्रीक शब्दांवरून बनलें, त्यांचा अर्थ प्रकाशानें लिहिणें असा होतो. त्याच कलेला मराठीनें नांव दिलें तें छायाचित्राचें. एका भाषेनें उजेड उचलला, दुसरीनें सांवली. आणि माणसाच्या चेहऱ्यापुरतें बोलावयाचें तर मराठी नांवच अधिक नेमकें आहे. चेहऱ्यावर समोरून सारखाच उजेड ओतला तर कागदावर एक सपाट वाटोळें उमटतें. नाकाची उंची, गालाची खोली, कपाळाचा उतार हें सारें सांवली सांगते. म्हणून घरांतल्या एखाद्या खोलींत व्यक्तिचित्रें काढूं पाहणाऱ्या हौशी माणसाचें पहिलें काम उजेड वाढविण्याचें नसतें. कोणता उजेड अडवावयाचा, हें ठरविण्याचें असतें.

हें काम घरच्या घरीं होऊं शकतें याचा दाखला बराच जुना आहे. १८१५ मध्यें कलकत्त्यास जन्मलेल्या ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉन यांच्या हातीं पहिला कॅमेरा आला तो १८६३ च्या डिसेंबरांत, वयाच्या ४८ व्या वर्षीं. मुलीनें व जांवयानें तो भेट म्हणून दिला होता. इंग्लंडच्या दक्षिणेस वाइट बेटावर फ्रेशवॉटर येथें त्यांचें घर होतें. तेथील कोळशाच्या कोठीची त्यांनीं अंधारखोली केली, आणि कोंबड्यांचें कांचा बसविलेलें खुराडें मोकळें करून तीच चित्रशाळा ठरविली. कोंबड्या सोडून दिल्या. त्या कोणाच्या ताटांत गेल्या नसाव्यात अशी आशा बाईंनीं पुढें स्वतःच लिहून ठेविली आहे! १८६७ मध्यें त्यांनीं सर जॉन हर्शेल यांचें चित्र काढलें. फोटोग्राफी हा शब्द १८३९ मध्यें रूढ करणारे ज्योतिर्विद ते हेच. हें चित्र तर खुराड्यांतहि काढलेलें नाहीं. सारें साहित्य हर्शेल यांच्या केंटमधील घरीं नेऊन काढलेलें आहे. गडद काळोखांतून विस्कटलेले पांढरे केस, कपाळावरील सुरकुत्या आणि डोळे तेवढे पुढें येतात. बाकीचें बाईंनीं अंधाराच्या स्वाधीन केलें आहे, आणि त्यामुळेंच चित्र बोलतें.

प्रयोगाला एक दिवा पुरे. किंबहुना आरंभीं तो एकच असावा. दोन दिव्यांच्या दोन सांवल्या एकमेकींत मिसळल्या म्हणजे कोणत्या दिव्यानें काय केलें हें कळेनासें होतें. खिडक्या लावून घ्याव्या, भिंतीपासून पांच-सहा फुटांवर खुर्ची ठेवावी, आणि घरांतल्या कोणास तरी दिवा हातांत देऊन चेहऱ्याभोंवतीं सावकाश फिरावयास लावावें. या वेळीं दिव्याकडे पाहावयाचें नसतें, नाकाच्या सांवलीकडे पाहावयाचें असतें. दिवा अगदीं समोर पण डोळ्यांच्या बराच वर असला तर नाकाखालीं फुलपांखराच्या आकाराची लहानशी सांवली पडते आणि गालांचीं हाडें उठून दिसतात. १९३२ च्या ‘शांघाय एक्स्प्रेस’ या चित्रपटांत दिग्दर्शक फॉन स्टर्नबर्ग आणि छायालेखक ली गार्म्स यांनीं मार्लीन डीट्रिख हिच्या चेहऱ्याला जें रूप दिलें, तें याच जातीच्या उजेडाचें. दिवा बाजूस सरकवीत नेला म्हणजे नाकाची सांवली लांबत जाऊन गालाच्या सांवलीस मिळते, आणि अंधाऱ्या गालावर डोळ्याखालीं उजेडाचा एक त्रिकोण तेवढा उरतो. यास रेंब्रांटचा प्रकाश म्हणतात. हें नांव चित्रपटवाल्यांनीं कसें उचललें याविषयीं सेसिल डेमिल या अमेरिकन दिग्दर्शकाचा एक किस्सा सांगितला जातो. १९१५ च्या ‘द वॉरेन्स ऑफ व्हर्जिनिया’ या चित्रपटांत नटांचा अर्धाच चेहरा दिसतो, तेव्हां चित्रगृहांचे मालक पैसेहि अर्धेच देतील, अशी तक्रार विक्रीवाल्यांकडून आली. हा रेंब्रांटचा प्रकाश आहे, असें उत्तर डेमिलनें धाडलें. मग त्याच चित्रपटाची किंमत वाढली म्हणे!

दिवा याहून पुढें, कानाच्या रेषेंत गेला कीं चेहऱ्याचे दोन तुकडे होतात. पाठीमागें गेला तर चेहरा काळोखांत बुडून केसांची कड तेवढी उजळते. तेल लावून चापून बसविलेल्या वेणीवर ही कड फार सुरेख उमटते.

जागेइतकेंच महत्त्व दिव्याच्या आकाराला आहे. सूर्य प्रत्यक्षांत प्रचंड असला तरी आकाशांत तो अर्ध्या अंशाएवढाच दिसतो, म्हणून उन्हांतली सांवली सुरीनें कापल्यासारखी पडते. ढगाळ दिवशीं सारें आकाशच दिवा होतें आणि सांवली विरघळते. घरांत हाच फरक जुन्या मलमलीच्या धोतरानें घडवून आणतां येतो. कपडे वाळत घालण्याच्या दांडीवर धोतर सोडलें आणि त्यामागें दिवा ठेवला कीं तीन-चार फुटांची मऊ खिडकी तयार होते. (तापणाऱ्या दिव्याजवळ मात्र कापड नेऊं नये.) सांवलीच्या बाजूस थर्मोकोलचा पांढरा पत्रा धरला तर ती फिकट होते, आणि काळी घोंगडी धरली तर आणखी गडद. स्टीलचें ताट धरलें तर गालावर एक कठोर चकाकता पट्टा पडतो. तोहि कधीं कधीं कामास येतो.

अंतराचा हिशेब पुष्कळांना चकवितो. उघडा दिवा दुप्पट दूर नेला तर चेहऱ्यावरील उजेड निम्मा होत नाहीं, चौथाई होतो. बसलेल्या माणसाच्या मागें सहा फुटांवर पांढरी भिंत आहे आणि दिवा चेहऱ्यापासून दोन फुटांवर आहे असें धरूं. दिव्यापासून भिंत आठ फूट, म्हणजे चेहऱ्याच्या चौपट दूर; सबब तिच्यावर चेहऱ्याच्या सोळाव्या हिश्शाइतकाच उजेड पडतो आणि चित्रांत ती जवळजवळ काळी येते. तोच दिवा सहा फुटांवर नेला तर भिंत बारा फुटांवर पडते, तिला चौथा हिस्सा उजेड मिळतो, आणि ती करडी दिसते. एका पांढऱ्या भिंतीतून अनेक पडदे निघतात ते असे. बाजारांतून काळें कापड आणण्याचें कारण उरत नाहीं.

भारतीय घरांत या कलेची खरी परीक्षा होते ती सांवळ्या चेहऱ्यावर, आणि येथेंच पुष्कळ चांगले हात चुकतात. जुन्या स्टुडिओंतून चेहऱ्यास पावडर फांसून, निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून वर्ण उजळून देण्याची रीत होती. स्थळासाठीं पाठवावयाच्या फोटोंत तर ती हटकून पाळली जाई. परिणाम असा कीं, फोटो हातांत घेऊन पाहुणे घरीं आले म्हणजे समोर बसलेली मुलगी तिच्याच चित्रापुढें उणी ठरे. आतां तें काम मोबाइल फोन कोणी न सांगतांहि करून टाकतात. परदेशीं तरी साधनें निर्दोष होतीं असें नाहीं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत रंगीत छपाईचा मेळ बसविण्यासाठीं कोडॅक कंपनीनें प्रयोगशाळांना पुरविलेल्या नमुन्याच्या चित्रांत बराच काळ गोऱ्या स्त्रीचाच चेहरा असे. ‘शर्ली कार्ड’ या नांवानें ती ओळखलीं जात. तो चेहरा बरोबर छापला गेला कीं सारें बरोबर, असें धरलें जाई. काळ्यासांवळ्या चेहऱ्यांचें काय होतें हें पाहण्याची निकड कोणास फारशी भासली नाहीं.

वस्तुतः सांवळ्या चेहऱ्यास अधिक उजेड नको असतो, निराळा उजेड हवा असतो. कॅमेऱ्याचें मोजमाप समोरच्या दृश्याची सरासरी मध्यम करड्या रंगावर आणूं पाहतें. मागें पांढरी भिंत झळकत असली तर चेहरा कोळशासारखा पडतो, आणि नुसता चेहरा मोजला तर तो उजळून राखेसारखा होतो. तेव्हां पार्श्वभूमि गडद घ्यावी, मोजमाप चेहऱ्यावर करावें, आणि मग उजेडाचें प्रमाण थोडें उतरवावें. मलमलीची ती मोठी खिडकी बाजूस आणून असा कोन साधावा कीं तिचें प्रतिबिंब गालाच्या हाडावर, भुंवईच्या वर आणि नाकाच्या कडेवर तुकतुकीत पट्ट्यासारखें पडेल. गोऱ्या चेहऱ्याचा घाट मुख्यतः सांवली सांगते. सांवळ्या चेहऱ्याचा घाट ही तुकतुकी सांगते. म्हणून येथें पावडर हा शत्रु आहे, आणि खोबरेल तेलाचें बोट मित्र.

उजेड हा न्यायाधीशहि होऊं शकतो. जर्मन कारखानदार आल्फ्रीड क्रुप यांनीं दुसऱ्या महायुद्धांत वेठीच्या कामगारांकडून काम करून घेतलें होतें, व १९४८ मध्यें त्यांना न्यूरेंबर्ग येथें शिक्षाहि झाली होती. १९६३ मध्यें आर्नल्ड न्यूमन या अमेरिकन छायाचित्रकारानें एसेन येथील त्यांच्या कारखान्यांत त्यांचें चित्र काढलें. न्यूमन ज्यू होता. दोन्ही बाजूंनीं दिवे लावून त्यानें क्रुपना पुढें झुकावयास सांगितलें; चेहऱ्याच्या कडा उजळल्या, डोळे खोबणींत बुडाले, आणि समोर उरला तो एक भयाण पुरुष. न्यूमननें हें जाणूनबुजून केलें आणि तें कधीं लपविलें नाहीं. हौशी माणसाच्या हातून मात्र तेंच अजाणतां घडतें, आणि घरांतल्या निरुपद्रवी आजोबांना क्रुपची कळा येते.

खालून येणारा उजेड चेहरा भेसूर करतो, असें पुस्तकांतून बहुधा सांगितलेलें असतें. मराठी घराला हा नियम पटण्यासारखा नाहीं. औक्षणाच्या वेळीं निरांजनाचा उजेड खालूनच येतो, आणि त्यांत कोणीहि भेसूर दिसत नाहीं. कारण दिवा समोरच असतो आणि उजेड कोठून आला हें डोळ्याला समजतें. मूळचे सावंतवाडीकडील चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचें ‘ग्लो ऑफ होप’ हें जलरंगचित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यांत आहे. १९४५-४६ च्या सुमाराचें हें चित्र पुष्कळ लोक चुकीनें राजा रविवर्म्यांचें समजतात. त्यांतील स्त्रीच्या हातांत दिवा आहे, दुसरा हात त्याच्या आड धरलेला आहे, बोटांच्या कडा तांबूस झाल्या आहेत, आणि चेहऱ्यावरील सारा उजेड खालून वर चढलेला आहे. चित्रासाठीं हळदणकरांची कन्याच उभी राहिली होती.

असें चित्र घरीं कॅमेऱ्यानें काढतां येतें. ज्योत चेहऱ्यापासून फूटभर दूर असली तर संवेदनशीलता १६००, भिंगाचें छिद्र एफ २ आणि शटर सेकंदाचा पंधरावा भाग, यांच्या आसपास काम भागतें. तबकांत दोन-तीन निरांजनें ठेविलीं तर आणखी सोयीचें. खोलींतला विजेचा दिवा बंद असावा, नाहीं तर ज्योतीचा पिवळा रंग मरतो. कॅमेरा तिपाईवर बसवावा. पंखा आधींच बंद करावा. ओवाळतांना हात फिरत असतो, तेव्हां चित्र हलतें. एक फेरा संपून दुसरा सुरू होण्यापूर्वीं तबक क्षणभर थबकतें आणि ज्योत सरळ उभी राहते, तेव्हां कळ दाबावी.