तिकडे मला बोलावलंय कोणी?

ज्यांना हेडफोन लावायला वेळ मिळाला नाही त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी अवतार. थोडी साफसफाई केलीये. बोलताना "म्हणजे कसं" चाळीसेक वेळा आलं होतं, ते काढलंय.

विषय तुमच्यातल्याच बऱ्याच जणांनी मागितला होता. परदेशात व्हॉलंटियर म्हणून जायचं तर ठरवायचं कसं आणि तयारी काय करायची? मी स्वतः सध्या त्यातच आहे, त्यामुळे ताजं ताजं सांगतो.

सुरुवात झाली हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये. फेज थ्रीवरून निघालो, गाडी जागची हलेना, म्हणून इन्स्टा उघडलं. समोर जाहिरात: कंबोडियात दोन आठवडे अनाथ मुलांना शिकवा, आयुष्य बदला. फी एक लाख चाळीस हजार, विमानाचं तिकीट वेगळं. मी बीटेक, सात वर्षं कोडिंग करतोय, शिकवण्याचा अनुभव शून्य. तरी रात्री फॉर्म भरला आणि सकाळी "यू आर सिलेक्टेड" असा मेल हजर. इंटरव्ह्यू नाही, काही नाही. तेव्हाच शंका यायला हवी होती, पण मी ऑफिसात पेढे वाटून मोकळा झालो.

शनिवारी गावी गेलो. आमचं गाव मुळशी तालुक्यात, पौडच्या पुढे. आईला वाटलं कंपनी पाठवतेय. मी पैसे भरून जाणार हे कळल्यावर ती गप्पच झाली. अण्णा म्हणाले, "आरं, तुला तिथं बोलावलंय कुणी?"

मी म्हटलं, सिलेक्ट केलंय की. ते म्हणाले, "सिलेक्ट नाय विचारलं. बोलावलंय का?"

हा प्रश्न डोक्यातून जाईना, कारण त्याची दुसरी बाजू मी लहानपणी पाहिलेली आहे. तिसरी-चौथीत असताना आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत परदेशी पाहुण्यांचा एक गट आला होता. माणसं फार प्रेमळ. आम्हाला पेन्सिली दिल्या, एक गाणं शिकवलं आणि चार दिवस खपून बाहेरच्या भिंतीवर जगाचा नकाशा रंगवला. त्यातल्या एका दादाशी माझी गट्टी जमली होती. जाताना तो म्हणाला, पुढच्या वर्षी येतो. जून लागला आणि मुळशीचा पाऊस तुम्हाला माहितीच आहे. नकाशातला आफ्रिका ओघळून खाली आला. वर्गात कौलं गळत होती, आम्ही बादल्या लावून बसायचो. कौलं फुटलीयेत हे गुरुजींना ठाऊक होतं, आम्हाला ठाऊक होतं. पाहुण्यांनी विचारलं असतं तर त्यांनाही कळलं असतं. तो दादा काही परत आला नाही. मी दोन वर्षं वाट पाहिली, खोटं कशाला सांगू.

आणि आता पैसे भरून मीच तो दादा व्हायला निघालो होतो.

मग जरा वाचायला बसलो. नेपाळ आणि कंबोडियातल्या अशा अनाथालयांबद्दल युनिसेफ कित्येक वर्षं सावध करतंय. तिथल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. पाहुणे पैसे देतात, म्हणून मुलं घरातून उचलून संस्थेत ठेवली जातात. शिवाय दर पंधरा दिवसांनी नवा दादा, नवी ताई. मूल जीव लावतं आणि माणूस निघून जातो. मला आणखी एक गोष्ट खटकली. मला लहान मुलांमध्ये सोडणार होते, पण पोलिसांचा दाखला कोणी मागितलाच नव्हता. पासपोर्ट सेवेच्या साइटवरून 500 रुपयांत पीसीसी, म्हणजे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट मिळतं. मुलांशी संबंध येणार असूनही ते न मागणारी संस्था असेल, तर तिथून सरळ मागे फिरा. मी नाव मागे घेतलं. भरलेले पंधरा हजार गेले ते गेलेच.

"बोलावणं" म्हणजे काय हे समजून घ्यायचं तर सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांकडे बघा. व्ही. शांतारामांचा 1946 चा सिनेमा तुमच्या आजीने पाहिला असेल. चीनवर जपानचं आक्रमण झालं होतं. 1937 मध्ये चिनी सेनापती जू द यांनी नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर आणि औषधं मागितली. म्हणजे काय हवंय ते तिकडून आधी आलं. सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष असताना देशभर वर्गणी जमवून पाच डॉक्टरांचं पथक उभं राहिलं: अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. चोळकर नागपूरचे. सप्टेंबर 1938 मध्ये ते मुंबईहून बोटीने निघाले. कोटणीस तेव्हा 27 वर्षांचे, मुंबईच्या जी. एस. मेडिकलमधून शिकलेले, पुढच्या पदव्युत्तर अभ्यासाच्या तयारीत. म्हणजे आपल्याच वयाचे, करिअरच्या ऐन वळणावर.

मला यात युद्धापेक्षा एक साधी गोष्ट जास्त भिडते. हा माणूस तिकडे जाऊन चिनी भाषा शिकला. दुभाष्यावर भागवता आलं असतं, पण जखमी शिपायाला कुठे दुखतंय हे त्याच्याच भाषेत विचारायचं होतं. 1941 मध्ये ते तिथल्या बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले, म्हणजे तिकडच्या नव्या डॉक्टरांना शिकवण्याचं कामही आलं. 9 डिसेंबर 1942 ला, वयाच्या 32 व्या वर्षी, ते तिथेच गेले. बाकीचे चौघे परत आले. आपल्याला कोणी जीव द्यायला सांगत नाहीये, पण मागणी, नेमकं कौशल्य आणि भाषा हे तिन्ही तिथे होतं. माझ्या कंबोडियाच्या फॉर्ममध्ये यातलं एकही नव्हतं.

आता माझं. एका जुन्या कलीगच्या ओळखीतून पश्चिम केनियातल्या एका छोट्या दूध सहकारी संस्थेशी बोलणं झालं. त्यांचा मेल चार ओळींचा होता: संकलनाच्या नोंदी वहीत आहेत, शेतकऱ्यांचे हिशेब चुकतात, भांडणं होतात, कोणी कॉम्प्युटरवाला तीन महिने येईल का? राहायची-जेवायची सोय त्यांची, तिकीट माझं. आणि अट अशी की आधी दोन महिने इथूनच काम करून दाखवायचं.

मी जोशात ॲपचं डिझाइन पाठवलं. तिकडून उत्तर आलं, केंद्रावर नेट नसतं. मग आमच्या गावच्या डेअरीत चार सकाळी काकांसोबत बसलो. पाच वाजता किटल्या यायला लागतात, लिटर, फॅट, एसएनएफ, मग दर. नोंद करणाऱ्याला एका माणसामागे अर्धा मिनिटही मिळत नाही. तिथे कळलं की ॲप नकोच. ऑफलाइन चालणारी एक शीट आणि ती सांभाळणारी स्थानिक दोन माणसं पुरेत. पैसे शेतकऱ्यांच्या मोबाइलवर एम-पेसाने जातात. केनियात ते 2007 पासून आहे, म्हणजे आपल्या यूपीआयच्या कितीतरी आधी. अण्णांचा पुढचा प्रश्न अर्थातच "इथली कामं संपली का?" हा होता. त्याला माझ्याकडे धड उत्तर नाही. एवढंच की आता तीच शीट काकांच्या डेअरीतही चालते.

कागदपत्रांचं पटकन सांगतो. पासपोर्टमध्ये मी माती खाल्ली. आधारवर गावचा पत्ता, म्हणून फॉर्मवर तोच टाकला. राहायला मात्र पाच दिवस हिंजवडीत. पोलीस चौकशीला घरी आले, तर आईने खरं ते सांगितलं, "तो हिंजवडीला राहतो." फाइल परत. पौडचा भाग पुणे ग्रामीण पोलिसांकडे आणि हिंजवडी पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाकडे, त्यामुळे सगळं नव्याने. तेव्हा जिथे खरंच राहताय तोच पत्ता द्या आणि भाडेकरार नीट करून ठेवा. साधी फी 1500 रुपये, तत्काळचे आणखी 2000. मुंढव्याच्या सेवा केंद्रात जाताना दहावीचं प्रमाणपत्र विसरू नका, ईसीआरचा शिक्का टाळायला ते लागतं.

व्हिसाबाबत सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे "पगार नाही ना, मग टुरिस्टवर चालतं." थायलंडमध्ये बिनपगारी कामालाही वर्क परमिट लागतं. ब्रिटनमध्ये व्हिजिटर म्हणून नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत 30 दिवसांपर्यंतच चालतं. केनियात 2024 पासून व्हिसाऐवजी ईटीए आहे, पण तो फिरायला जाणाऱ्याचा. कामाला वेगळी परवानगी. ती यजमान संस्थेने काढायची असते. "ते आल्यावर बघू" म्हणणाऱ्यांकडे जाऊ नका. पकडले तर तुम्हीच जाणार.

यलो फिव्हरची लस सरकारने नेमलेल्या केंद्रांवरच मिळते. स्लॉट आधी बघा, कारण लस घेतल्यावर 10 दिवसांनीच दाखला ग्राह्य धरतात. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. केनियाहून येताना तो पिवळा दाखला नसेल तर आपल्याच विमानतळावरून थेट विलगीकरण, 6 दिवसांपर्यंत. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच, निघायच्या आधी सुरू करायच्या असतात.

ऑफिसने तीन महिने बिनपगारी रजा दिलीये, परत आल्यावर हीच टीम मिळेल याची खात्री नाही. बाइकचे तीन हप्ते बाजूला काढलेत. रोज रात्री अर्धा तास स्वाहिली. दूध म्हणजे "माझिवा", हे आईला इतकं आवडलंय की ती आता चहा करताना तेच म्हणते. वेळेत फरक फक्त अडीच तासांचा, त्यामुळे रात्रीचा फोन चुकणार नाही, असं तिला कबूल केलंय.

मुंबईहून नैरोबीला थेट विमान आहे, पुढच्या महिन्यात निघतोय. अण्णा परवा डेअरीवरून आले आणि म्हणाले, "त्यांना इचार, फॅटचं मशीन कुठल्या कंपनीचं हाय." विचारलंय, उत्तर आलं नाहीये. कळलं की पुढच्या भागात सांगतो. तो भाग तिकडूनच रेकॉर्ड होईल, लाइट असली तर.