केजन प्रदेशातील मोटरहोम-प्रवास

अमेरिकेच्या दक्षिण लुइझियानात, दलदली आणि भातशेतीच्या प्रदेशात राहणाऱ्या केजन लोकांचे पूर्वज हे आजच्या कॅनडातील नोव्हा स्कोशिया परिसरातील फ्रेंच भाषक शेतकरी होते; १७५५ पासून ब्रिटिशांनी त्यांना तेथून हुसकावून लावल्यावर त्यांच्यापैकी अनेकांनी येथे आश्रय घेतला.

मोटरहोम, म्हणजे झोपण्याची व स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, या प्रदेशात विशेष उपयोगी पडते, कारण येथील अस्सल संगीत युनिस आणि मामू अशा लहान गावांत, तेही शनिवारी सकाळी, ऐकावयास मिळते; गाडीतच झोपता येत असल्याने आदल्या रात्री जवळच मुक्काम करता येतो.

दहा बटणांचा अकॉर्डियन व फिडल यांच्या जोडीला जो लोखंडी त्रिकोण वाजतो, तो पूर्वी गवत ओढण्याच्या दंताळ्याचे दात वाकवून घडवीत. १९२१ च्या राज्यघटनेने शाळांतून फ्रेंच हद्दपार केली, तरी ती या गाण्यांत टिकून राहिली, हे या संगीताचे सर्वांत मोठे ऋण होय.

येथील खाद्यपदार्थांपैकी 'गंबो' या दाट रश्श्याचा पाया म्हणजे 'रू': तेलात मैदा मंद आचेवर, लाडवाच्या बेसनासारखा न थांबता ढवळत, गडद तपकिरी होईपर्यंत भाजतात आणि मग त्यात कांदा, सेलरी व ढोबळी मिरची घालतात. त्यात अनेकदा पडणारी भेंडी आफ्रिकी गुलामांच्या पाककलेची देणगी आहे.

मुक्काम आखताना शनिवार युनिस-मामू परिसरासाठी राखून ठेवावा.