‘पिशवीच काढून टाका, म्हणजे कटकट नको’

बुद्धी सरासरीपेक्षा कमी आहे म्हणून एखाद्या स्त्रीला आई होण्याचा हक्कच नाही का? मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये केलेला हा सवाल सगळ्या मथळ्यांत झळकला. सत्तावीस वर्षांची अविवाहित मुलगी, विसावा आठवडा उलटून गेलेला, गर्भपाताची परवानगी मागणारे वडील आणि ‘मूल हवंय’ म्हणणारी ती. जे.जे. रुग्णालयाच्या वैद्यकीय मंडळाने ती मनोरुग्ण नसल्याचं सांगितलं, बुद्ध्यांक 75. जोडीदार कोण हेही तिने घरी सांगितलं होतं. मग त्या माणसाशी लग्नाचं बोलून पाहा, असं न्यायालयाने आईवडिलांना सुचवलं. आपल्याकडे हक्काच्या चर्चेत लग्न इतक्या झटकन शिरतं, की कुणाला त्यात काही वावगंही वाटत नाही.

सवाल रास्तच होता, पण फार उशिरा विचारला गेला. पाळी आल्यापासून सत्ताविसाव्या वर्षापर्यंत या मुलीशी तिच्या शरीराबद्दल कोण बोललं? समुपदेशन झालंच नव्हतं, नुसती औषधं चालू होती, हेही सुनावणीत समोर आलं. आईवडिलांना झोडपणं सोपं आहे. पण अशी मुलगी वाढवताना त्यांनी जायचं कुठे, याचं उत्तर आजही धड कुणापाशी नाही. ज्यांना ते शोधायचंय त्यांच्या कानावर डॉक्टरांपासून शेजारणींपर्यंत सगळ्यांकडून एकच सल्ला पडतो: पिशवीच काढून टाका.

हा सल्ला महाराष्ट्राने एकदा सरकारी पातळीवर अमलात आणलाय. फेब्रुवारी 1994. शिरूरच्या मतिमंद मुलींच्या शासकीय संस्थेतल्या अकरा जणींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. आणखीही काही जणी यादीत होत्या. महिला संघटनांनी रान उठवलं, तेव्हा कुठे शस्त्रक्रिया थांबल्या आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. या मुलींना पाळीतली स्वच्छता जमत नाही, हे त्या वेळी दिलेलं कारण. म्हणजे काळजीवाहू कमी, पाणी, कपडे, पॅड यांची ओढाताण, आणि उपाय मुलीच्या पोटावर. तेव्हा वर्तमानपत्रांतून बाजू मांडणारे डॉक्टर होते, अधिकारी होते आणि थकलेले पालकही होते. पालकांचा थकवा मला समजतो. शासनाचा समजत नाही.

त्या युक्तिवादाखाली आणखी एक भीती होती, दबक्या आवाजात बोलली जाणारी: उद्या कुणी काही केलं तर? गर्भाशय काढल्याने अत्याचार थांबत नाही. दिवस राहत नाहीत, एवढंच. ज्या मुलीला नीट सांगता येत नाही, तिच्या बाबतीत तर गुन्हा उघडकीला येण्याची एक वाटच त्यातून बंद होते. संरक्षण नक्की कुणाचं झालं, हे तेव्हाही विचारलं गेलं होतं.

आज कायदा तेव्हापेक्षा बराच पुढे आहे. 2009 मध्ये चंदीगडच्या शासकीय संस्थेतल्या, तिथेच बलात्कार झालेल्या तरुणीचा गर्भपात उच्च न्यायालयाने मंजूर केला होता. तिला मूल हवं होतं आणि सर्वोच्च न्यायालयाने तिचं ऐकलं. मानसिक आजार वेगळा आणि बौद्धिक अपंगत्व वेगळं, दुसऱ्या बाबतीत पालकाची सही तिच्या इच्छेची जागा घेऊ शकत नाही, असा तो निकाल. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 10 तर सरळ सांगतं की वंध्यत्व आणणारी कुठलीही प्रक्रिया त्या व्यक्तीच्या स्वतःच्या, समजून दिलेल्या संमतीशिवाय करता येणार नाही. संमतीशिवाय गर्भपात केला तर कलम 92 खाली सहा महिने ते पाच वर्षं कैद. मात्र त्यातच ‘गंभीर’ अपंगत्वाची पळवाट आहे: तिथे डॉक्टरांचं मत आणि पालकाची संमती पुरते. गंभीर कशाला म्हणायचं, ते लिहिलेलं नाही. आणि 2009 मध्ये न्यायालयाने वेगळे केलेले दोन गट 2021 च्या गर्भपात नियमांनी पुन्हा एकाच ओळीत बसवले.

कायद्याचं एवढं पुरे. दवाखान्यात काय होतं ते पाहू. स्त्रीरोग विभागातलं तपासणीचं टेबल कमरेएवढं उंच, पुढे दोन पायऱ्यांचं लोखंडी स्टूल. व्हीलचेअरवरून आलेल्या मुलीला त्यावर उचलून ठेवावं लागतं, बहुतेक वेळा वॉर्डबॉयकडून. सेरेब्रल पाल्सीमध्ये पाय ताठरतात, ठरलेल्या स्थितीत फाकवता येत नाहीत; कुशीवर निजवून तपासता येतं, पण तेवढा वेळ ओपीडीत कोण देतो? कर्णबधिर मुलीसोबत दुभाषी म्हणून येते तिची आई, आणि मग ‘संबंध आलेत का?’ हा प्रश्न आईनेच विचारायचा! अंध मुलीने आशाताईंकडून निश्चय किट आणलं तरी रेषा एक की दोन, हे दुसऱ्या कुणाला तरी दाखवावंच लागतं. गुपित तिथेच संपलं.

गर्भनिरोधकांचंही तेच. फिटवरची काही औषधं, उदाहरणार्थ कार्बामाझेपिन आणि फेनिटॉइन, गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी करतात. दिवसभर बसून असणाऱ्या मुलीला इस्ट्रोजेनच्या गोळ्या देण्याआधी रक्ताच्या गुठळ्यांचा विचार करावा लागतो. ‘अंतरा’ इंजेक्शनने हाडांची घनता उतरते, आणि ज्या पायांवर भार पडत नाही त्यांची हाडं आधीच ठिसूळ असतात. हे सगळं वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. पण ते सांगायला समोर मुलगी ‘गर्भनिरोधक मागणारी’ म्हणून दिसायला हवी. गावपातळीवर नोंद होते ती पात्र जोडप्यांची. अविवाहित आणि त्यात अपंग असलेल्या मुलीचं नाव त्या वहीत येणार कसं?

विशेष शाळांतल्या काही बाई मात्र वर्षानुवर्षं काम करताहेत. चित्रांची कार्डं असतात: निकर खाली, पॅड काढणं, कागदात गुंडाळणं, डब्यात टाकणं, नवं लावणं, हात धुणं. लाल रंगाचं पाणी टाकलेल्या पॅडवर सराव. कुणाला दोन महिने लागतात, कुणाला वर्ष. 1994 मध्ये ज्या कामासाठी गर्भाशयं काढली गेली, ते काम हेच. पाठोपाठ अंगाला कुणी कुठे हात लावू शकतं, कुठे नाही, हेही त्या शिकवतात. बाहुलीवर, कधी पालकांचा रोष पत्करून, कारण ‘नको ते डोक्यात भरता’ ही तक्रार ठरलेली.

पण शाळा अठराव्या वर्षाच्या आसपास सुटते. त्यापुढचं, म्हणजे आवडणारा माणूस, कंडोम, नको असताना ‘नको’ म्हणणं, हे कुठेच नाही. किशोरवयीनांसाठी सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री क्लिनिक’ आहेत. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम 2014 पासून चालू आहे. तिथल्या समुपदेशकांना सांकेतिक भाषेची तोंडओळख, सोप्या चित्रांचा संच आणि मुलीशी आईविना बोलायची दहा मिनिटं द्यायला नवा कायदा लागत नाही. जिल्हा रुग्णालयाने वर-खाली होणारं एक टेबल घ्यावं, त्यालाही नाही. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी याच मुली त्याच इमारतीत हेलपाटे घालत असतात. टक्केवारी ठरवणारं टेबल आणि मैत्रीची खोली यांत बहुतेक ठिकाणी एका जिन्याचं अंतर असतं.