*सरकारी केंद्रातलं वाण आपल्या रानात कोण आणणार?*



"सरकारी खात्यात नवीन काही होत नाही," असं आपण सहज बोलून जातो. पण सांगली जिल्ह्यातलं कसबे डिग्रजचं संशोधन केंद्र बघा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं हे केंद्र. कृष्णाकाठी सोयाबीनवर तांबेरा यायचा आणि जबलपूरहून आलेलं जुनं जेएस ३३५ वाण त्याला बळी पडायचं. केंद्र तांबेऱ्याच्या पट्ट्यातच, त्यामुळे रोग असतानाच झाडं पारखता आली. त्यातून फुले संगम (केडीएस ७२६) आणि फुले किमया (केडीएस ७५३) ही वाणं मिळाली. केडीएस म्हणजे कसबे डिग्रज सोयाबीन!

*मग अडतं कुठं?*
बियाणं वाढवण्यात. ज्वारीला एकरी ४ किलो बी पुरतं, सोयाबीनला ३० किलो लागतं. वर सोयाबीनचं बी शेतकरी घरचंही ठेवतो, म्हणून खासगी कंपन्यांना यात फारसा रस नसतो. केंद्रात मूठभर बी तयार असतं, पण रानापर्यंत पोचायला वर्षं जातात.

ही अडचण ओळखून १९७६ मध्ये अकोल्याला महाबीज उभं राहिलं. सरकारी महामंडळ, पण डोकं उद्योजकाचं! बियाणं शेतकऱ्यांच्याच रानात तयार करून घ्यायचं आणि बीजोत्पादकांना भागधारकही करायचं. आपल्या कंपनीलाही हेच काम करता येईल.

*हिशेब बघा*
समजा १ एकरात ९ क्विंटल सोयाबीन निघालं. चाळणी-प्रतवारीनंतर ७ क्विंटल बी उरलं, तर पुढच्या हंगामात २३ एकर पेरता येतात. १० सभासदांनी एकेक एकर केलं तर २३० एकरांची सोय गावातच होते.

*बीजोत्पादनाची वाट*
१. पैदासकार बियाण्यापासून पायाभूत (पांढरा टॅग) आणि पायाभूतपासून प्रमाणित (निळा टॅग) बियाणं तयार होतं. आपण पायाभूत बी घेऊन प्रमाणित करायचं.
२. प्लॉटची नोंद बीज प्रमाणीकरण यंत्रणेकडे वेळेत करायची. बियाण्याचं बिल आणि टॅग जपून ठेवा, तपासणीला लागतात.
३. दुसऱ्या वाणापासून किमान ३ मीटर अंतर ठेवा.
४. फुलोऱ्यात फुलाचा रंग, पानाचा आकार वेगळा दिसला की झाड उपटाच.
५. मळणी यंत्र हळू चालवा. सोयाबीनची साल पातळ असते, दाणा फुटला की बी गेलं. पोती आदळायची नाहीत.
६. ओलावा १२ टक्क्यांच्या आत आणि उगवण किमान ७० टक्के हवी.

*प्लॉट घेणार नसाल तरी*
२००१ च्या वाण संरक्षण कायद्याने घरचं बी ठेवायचा, पेरायचा, देवाणघेवाण करायचा आणि ब्रँड न लावता विकायचाही हक्क शेतकऱ्याला आहे. फक्त पेरणीआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासा. ७० च्या खाली कोंब आले तर बियाण्याचं प्रमाण वाढवावं लागेल.

केंद्राने वाण शोधलं, पण ते वाढवणारे हात आपलेच लागतील. ज्यांच्याकडे पाण्याची एक-दोन पाळी द्यायची सोय आणि निचऱ्याचं रान आहे, त्यांनी *नाव, गट नंबर आणि मागच्या वर्षीचं पीक* आपल्या गटप्रमुखाकडे द्या. रान बघायला मी स्वतः येतो.

– आपला कृषी सल्लागार 🙏